पायाकडची जागा

बारावीला मेडिकलसाठी लागतात त्यापेक्षा मला थोडेसेच गुण कमी पडले. खूप कमी पडले असते तर बरं झालं असतं, विषय तिथेच संपला असता. थोडक्यात हुकल्यामुळे मात्र घरात कित्येक महिने कुणीतरी उसासा टाकून "अजून चारच हवे होते" म्हणायचं, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी लावायला घ्यायचे.

बाबा कर्वेनगरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत अटेंडंट होते. प्रॅक्टिकलच्या आधी बेडूक ट्रेमध्ये टाचून ठेवणं, फॉर्मॅलिनच्या बरण्या भरणं, चिमटे-कात्र्या धुऊन पुसून मांडणं हे त्यांचं काम. नव्याने लागलेल्या प्राध्यापकांना बेडकाची एखादी नस सापडली नाही, की ते हळूच बाबांकडे बघत. बाबा सुईच्या टोकाने नस उचलून दाखवत आणि दोन पावलं मागे सरकत. मुलांना वाटे, सरांनीच दाखवली. त्याच कॉलेजात मी बीएस्सीला गेले, तेव्हा हे मागे सरकणं मी रोज पाहिलं.

आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात एकच हट्ट चालत आला होता: शिकायचं, आणि शिकून अशी जागा मिळवायची की कुणी 'ए' म्हणून हाक मारणार नाही. बाबांना वाटे, ती जागा डॉक्टरचीच.

ते दिवस कॉम्प्युटरचे होते. कर्वे रस्त्यावर दर दोन दुकानांआड कॉम्प्युटर क्लासची पाटी लागलेली. माझा धाकटा भाऊ त्यातल्याच एका क्लासला जायचा आणि जेवताना आईला काही न समजणारे शब्द ऐकवायचा. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुली बीएस्सी होताच तिकडे वळल्या. मीही वळले असते, पण एका सकाळी पेपरमध्ये चार ओळींची जाहिरात दिसली. शहरातल्या एका हृदयरोगाच्या हॉस्पिटलने दोन वर्षांचा कोर्स सुरू केला होता. विज्ञानाची पदवी हवी. कोर्सचं नाव, फिजिशियन असिस्टंट.

बाबांनी जाहिरात वाचली आणि चष्मा काढला.

"असिस्टंट म्हणजे?"

"डॉक्टरांच्या हाताखाली काम करायचं. पेशंट तपासायचे, त्यांची माहिती घ्यायची, ऑपरेशनला मदत करायची."

"मग डॉक्टर का म्हणत नाहीत?"

"कारण डॉक्टर नसतात, बाबा."

त्यांनी पेपरची घडी घातली. मग म्हणाले, "मी आयुष्यभर अटेंडंट राहिलो. तू असिस्टंट. एवढ्यासाठीच का शिकवलं तुला?"

आईने त्यांच्यापुढे चहा ठेवला आणि म्हणाली, "जाऊ दे तिला. घरात बसून भांडी लावते, त्यापेक्षा बरं."

आमची तुकडी सहा जणांची होती. पहिलं वर्ष पुस्तकांचं आणि वॉर्डांचं. छातीला नळी लावून आवाज ओळखायला शिकलो, ईसीजीची पट्टी वाचायला शिकलो, औषधांची नावं पाठ केली. ऑपरेशन थिएटरमध्ये आमचं मुख्य काम बायपासच्या वेळी असायचं. सर्जन छाती उघडत असताना, त्याच वेळी पेशंटच्या पायातून एक लांब शीर काढून द्यायची. तीच शीर पुढे हृदयावर जोडली जाते. म्हणजे सर्जन छातीपाशी आणि आम्ही पायाकडे. थिएटरमधल्या सिस्टर आम्हाला 'पायाकडचे' म्हणत. मी घरी हा शब्द कधी उच्चारला नाही.

टाके घालायचा सराव व्हावा म्हणून मी मटणाच्या दुकानात गेले आणि म्हटलं, "दादा, बकऱ्याचं हृदय मिळेल का?" दुकानदाराने सुरी थांबवली. "दिल म्हणा ना ताई. हृदय काय, पुस्तकातलं!" घरी आणल्यावर बाबांनी ते हातात घेतलं, नळाखाली धुतलं आणि ट्रेमध्ये ठेवलं. कोर्सबद्दल ते अजून रुसलेलेच होते. पण मी चिमटा चुकीचा धरला तेव्हा त्यांना राहवलं नाही. "पेन्सिलीसारखा धर. मूठ आवळू नकोस, मूठ आवळली की हात थरथरतो." तो सगळा रविवार आम्ही दोघं ट्रेवर वाकून बसलो होतो. कोर्सचा विषय मात्र त्यांनी काढला नाही, आणि मीही काढला नाही.

कोर्स संपला आणि त्याच हॉस्पिटलात मला नोकरी लागली. सुरुवात चांगली झाली नाही. दुसऱ्याच महिन्यात पायातली शीर सोडवताना मी घाई केली. तिला जोडलेली एक बारीक फांदी ओढली गेली आणि मुळाशी फाटली. सर्जन छातीवरून मान वर न करताच म्हणाले, "शीर आहे ती. बुटाची नाडी नव्हे."

थिएटरमध्ये कुणीतरी हसलं. सर्जनांनी बारीक टाका घालून ती दुरुस्त करून घेतली, पेशंटला काही झालं नाही. पण त्यानंतर कितीतरी दिवस हातात चिमटा घेतला की मला ते हसू ऐकू यायचं.

त्यातच पेशंटचे प्रश्न. "डॉक्टर आहात?" नाही. "मग सिस्टर?" नाही. "मग?" हा 'मग' मला दिवसातून दहादा ऐकायला लागे. मी समजावायला सुरुवात केली की अर्ध्यात त्यांचं लक्ष उडून जायचं.

आमच्या सहांतली एक मैत्रीण तोवर सोडून गेली होती. खराडीला तेव्हा निम्मी शेतं होती आणि निम्म्यात काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या. तिथल्या एका कंपनीत अमेरिकेतल्या डॉक्टरांनी पेशंटबद्दल रेकॉर्ड केलेलं बोलणं कानाला हेडफोन लावून ऐकायचं आणि टाइप करायचं, असं तिचं काम. कंपनीची बस दारात येई. तिने माझंही नाव सुचवलं. मुलाखत झाली, निवडही झाली. "सोमवारी कळव," ती फोनवर म्हणाली. "आणि हे बघ, इथे तू कोण म्हणून कुणी विचारत नाही." मला तेच हवं होतं. मी मनातून होकार दिलाच होता, फक्त सोमवार यायचा होता.

त्या आठवड्यात वॉर्डात कसबा पेठेतले एक निवृत्त मास्तर होते. हायस्कूलमध्ये गणित शिकवून रिटायर झालेले, उंच, काटकुळे. हृदयाची एक झडप बदलायची होती. त्यांची माहिती घ्यायला मी गेले, तेव्हा त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"आपण डॉक्टर?"

"नाही. फिजिशियन असिस्टंट."

"म्हणजे अर्ध्या डॉक्टर."

"नाही, सर. पूर्ण असिस्टंट."

हे उत्तर त्यांना थोडं आवडलं असावं, कारण त्यांनी पुढचं विचारलं. "आडनाव?" मी सांगितलं. ते क्षणभर थांबले. "अस्सं. वडील काय करतात?"

"कॉलेजात प्रयोगशाळेत आहेत."

"प्राध्यापक?"

"अटेंडंट."

"हं," ते म्हणाले, आणि खिडकीबाहेर पाहू लागले.

त्यांच्या पत्नी संध्याकाळी वड्यांचा डबा घेऊन आल्या आणि वॉर्डातल्या सिस्टरना एकेक देत गेल्या. माझ्यापर्यंत डबा आला नाही. वड्या संपल्या होत्या की आडनाव पोचलं होतं, हे मी आजही सांगू शकत नाही. आमच्या घरातल्या माणसांना असा संशय घ्यावा लागत नाही, तो आपणहून येतो. मी फाइल उचलली आणि पुढच्या खाटेकडे गेले.

ऑपरेशन नीट पार पडलं. नंतर मी रोज सकाळी त्यांना बघायला जाई आणि रोज एक टोमणा खाई. तिसऱ्या दिवशी त्यांना चालवलं, तर म्हणाले, "हे आपण मला चालवताय की वरात काढताय?" चौथ्या दिवशी मी छातीला स्टेथोस्कोप लावला, तर, "काही ऐकू येतंय, की नुसतीच गळ्यात शोभा?" मला राग यायचा आणि हसूही यायचं. हळूहळू मी उलट उत्तरं द्यायला लागले. एकदा त्यांनी नातवाच्या वयाच्या डॉक्टरला सांगितलेलं मी ऐकलं, "त्या बाईंना विचारा. त्या निदान पूर्ण वाक्य ऐकून घेतात."

शनिवारी त्यांना घरी सोडायचं होतं. शुक्रवारी सकाळी मी गेले, तर ते डोळे मिटून पडले होते.

"काय सर, उद्या कसबा पेठ?"

"हो बाई," ते म्हणाले.

मी थांबले. "नाश्ता झाला?"

"नको वाटतंय."

"चालून येऊ या का थोडं?"

"तुम्ही म्हणाल तसं."

तुम्ही म्हणाल तसं! सहा दिवसांत हा माणूस एकदाही माझ्या म्हणण्याप्रमाणे वागला नव्हता. मी खाटेच्या कडेला उभी राहिले आणि त्यांच्याकडे नीट पाहिलं. मानेतल्या शिरा फुगलेल्या वाटत होत्या. नाडी जलद होती. लघवीचा तक्ता काढला, तर कालपासून आकडा खाली येत होता. रक्तदाब कमी होता, पण धोक्याच्या रेषेखाली नव्हता. एकेक गोष्ट वेगळी घेतली, तर घाबरण्यासारखी नव्हती.

ड्यूटीवरच्या डॉक्टरना सांगितलं. ते चांगले होते, पण दमलेले. ईसीजी बघून म्हणाले, "म्हातारे गृहस्थ आहेत, एवढं मोठं ऑपरेशन झालंय. थकवा येणारच. संध्याकाळी बघू."

मी टेलिफोनपाशी आले. सर्जन ओपीडीत होते, आणि ओपीडीच्या वेळी त्यांना फोन केलेला खपत नसे. 'बुटाची नाडी' आठवली. सोमवारी तर आपण जाणारच आहोत, कशाला ओढवून घ्यायचं, असंही मनात आलं. हे मी लपवत नाही. मग खाटेवरच्या त्या मिटलेल्या डोळ्यांकडे पुन्हा एकदा पाहिलं आणि नंबर फिरवला.

"काय आहे?" सर्जनांचा आवाज.

मी नाडी, रक्तदाब, लघवी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "ड्यूटी डॉक्टर काय म्हणतात?"

"थकवा म्हणतात, सर."

"आणि तुला काय वाटतं?"

हा प्रश्न मला त्याआधी कुणी विचारलाच नव्हता. माझ्या तोंडून निघून गेलं, "सर, ते आज मला टोमणा मारत नाहीयेत."

आता फोन आपटतील, असं मला वाटलं.

"मानेच्या शिरा?"

"फुगल्यात."

"इको लावायला सांग. मी येतो."

इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, पडद्यावर मलाही दिसलं. हृदयाभोवतीच्या पिशवीत रक्त साठत होतं आणि हृदयाला नीट फुगायला जागा उरली नव्हती. रक्त पातळ ठेवण्याचं औषध सुरू असलेल्या पेशंटमध्ये असं उशिराने होऊ शकतं, हे मी पुस्तकात वाचलं होतं. पुस्तकात ते एका ओळीत होतं. दुपारच्या जेवणाच्या वेळेपर्यंत मास्तर पुन्हा थिएटरमध्ये होते. साठलेलं रक्त बाहेर निघालं, तसा पडद्यावरचा रक्तदाबाचा आकडा आमच्या डोळ्यांदेखत वर चढला. सर्जनांनी हातमोजे काढले. माझ्यापाशी थांबून म्हणाले, "संध्याकाळपर्यंत थांबलो असतो, तर हातात काही राहिलं नसतं." आणि दोन पावलं गेल्यावर मागे वळून, "यापुढे तुला शंका आली तर आधी इको लाव, मग मला फोन कर."

मी बाथरूममध्ये गेले, नळ सोडला आणि रडले. कशासाठी, ते नीट सांगता येणार नाही. भीती उतरली असावी.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी डोळे उघडले. मला बघून पहिलं वाक्य बोलले, "आज सोडणार होतात ना? वेळापत्रक पाळायची पद्धत नाही का इथे?"

इतकं बरं वाटलं मला! त्यांच्या पत्नी शेजारीच होत्या. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. वड्यांबद्दल मी काही विचारलं नाही.

सोमवारी मी मैत्रिणीला फोन केला. "येत नाहीये मी."

"वेडी आहेस का? पगार वाढवला का त्यांनी?"

"नाही."

"मग?"

मला तिला सांगता येईना. शेवटी म्हटलं, "मला इथे प्रश्न विचारला गं कुणीतरी." ती हसली, पण तिला समजलं असावं. आमची मैत्री टिकली.

महिनाभराने मास्तर तपासणीला आले आणि जाताना हॉस्पिटलच्या व्यवस्थापकांच्या टेबलावर एक अर्ज ठेवून गेले. सुवाच्य अक्षरात दोन पानं. त्याची एक प्रत त्यांनी मला दिली. मजकूर साधारण असा होता: आपल्याकडे फिजिशियन असिस्टंट नावाचे कर्मचारी आहेत. या पदास योग्य मराठी शब्द मला सापडलेला नाही, आपणांस सापडल्यास कळवावे. त्यांच्या कोटावर पदाचा कोणताही उल्लेख नसल्याने रुग्णास ते कोण, हे विचारावे लागते, व त्यांस रोज सांगत बसावे लागते. हे दोघांच्याही सन्मानास बाधक आहे. मी स्वतः हा प्रश्न अयोग्य स्वरात विचारला, याची नोंद घ्यावी. सदर कर्मचाऱ्यांमुळे मी हा अर्ज लिहू शकत आहे.

दोन आठवड्यांनी आमच्या कोटांवर पट्ट्या आल्या. नाव, आणि खाली पद.

मी अर्जाची प्रत घरी नेली. बाबा निवृत्तीला आले होते तेव्हा. त्यांनी ती उजेडात धरून वाचली, मग पहिल्यापासून परत वाचली. मला वाटलं, काहीतरी टोचून बोलतील.

"हे मास्तर कसबा पेठेतले?"

"हो."

"यांनी तुला आडनाव विचारलं असेल."

"विचारलं."

बाबांनी कागदाची घडी घातली. "तीस वर्षं झाली मला. पोरं पास झाली, प्राध्यापक बदलले. माझ्यासाठी कुणी असा अर्ज केला नाही." मग घडी मला परत न देता त्यांनी ती कपाटात, आमच्या सर्टिफिकेटांच्या फाइलमध्ये ठेवली. "जा, हात धू. आईने भाकऱ्या केल्यात." त्या दिवसानंतर कुणी विचारलं, की ते न अडखळता पूर्ण शब्द उच्चारत. फिजिशियन असिस्टंट. शेजाऱ्यांना समजावूनही सांगत, माझ्यापेक्षा चांगलं.

हात स्थिर व्हायला मात्र अजून वर्ष गेलं. शीर काढायचं काम मी पुन्हा हळू शिकले. ती इतक्या सावकाश सोडवायचे, की एकदा सर्जन म्हणाले, "आज संपेल ना?" पण हसलं कुणी नाही. पुढे तेच सर्जन, अवघड पेशंट असला की, थिएटरच्या यादीत पायाकडे माझं नाव टाकायला सांगू लागले. नव्या येणाऱ्या डॉक्टरांना शीर कशी काढायची ते मी दाखवायचे. दाखवून झाल्यावर मी मागे सरकत नसे, तिथेच उभी राहून ते कसं करतात ते बघायचे.

दहाएक वर्षांनी खराडीला एक नवं मोठं हॉस्पिटल झालं आणि त्यांनी मला बोलावलं, विभाग उभा करायला. शेतं तोवर दिसेनाशी झाली होती. तिथे आता चाळिशीही न गाठलेले इंजिनियर छातीत दुखतंय म्हणून येतात आणि अँजिओग्राफीसाठी कॅथलॅबमध्ये नेईपर्यंत मोबाइल सोडत नाहीत. मास्तर त्या ऑपरेशननंतर नऊ वर्षं जगले आणि शेवटपर्यंत दर तपासणीला मला काहीतरी सुनावून गेले. मध्यंतरी सरकारने कायदा केला, त्यात आमच्या कामाचंही नाव आलं. आमची नोंदणी, आमच्या परीक्षा, हे सगळं अजून पुरतं जागेवर बसलेलं नाही, पण बसतंय.

आता आमच्याकडे दरवर्षी विद्यार्थी येतात. पहिल्या आठवड्यात मी त्यांना स्टेथोस्कोप हातात देत नाही. एकेकाला एका पेशंटपाशी अर्धा तास बसवते. फाइल वाचायची नाही, तपासायचं नाही, फक्त ऐकायचं आणि नंतर आठवेल ते लिहून आणायचं.

यंदाच्या तुकडीतली हडपसरची एक मुलगी हिरमुसून परत आली. "मॅडम, आजोबा फक्त क्रिकेटबद्दलच बोलले. आजाराचं काहीच नाही."

"मग क्रिकेटचं लिही."

तिने दीड पान लिहिलं. मी वाचत होते. कुठला सामना, कोण कसा आऊट झाला, टीव्ही खालच्या दुकानात बघतात, मग जिना चढून घरी जातात. खाली एक ओळ होती: घर तिसऱ्या मजल्यावर आहे, पण हल्ली दुसऱ्या मजल्यावर शेजाऱ्यांना स्कोअर सांगायला थांबतात, आधी सरळ वर जात.

मी त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि कागद तिच्यापुढे ठेवला. तिने वाचलं. पुन्हा वाचलं. मग तिचे डोळे मोठे झाले.

"मॅडम, ते स्कोअर सांगायला नाही थांबत. त्यांना दम लागतो!"

"कधीपासून?"

"ते नाही विचारलं मी," ती म्हणाली, आणि कागद तसाच टेबलावर टाकून वॉर्डाकडे जवळजवळ धावतच गेली.